हळद वगळून

संज्योत मगदूमला त्या दिवशी दुपारी पावणेबारा वाजता जे जमलं, त्यासाठी ती सात महिने स्वतःच्या डाव्या हाताला हळद फासत होती. तीही एका जातीची नाही. सासऱ्यांच्या गोदामातली राजापुरी, सेलम, कडप्पा, शिवाय तेलात कालवलेली, दुधात कालवलेली, पाण्यात कालवलेली. दर रविवारी मनगटापासून कोपरापर्यंत पट्टे ओढायचे, कॅमेऱ्यासमोर हात धरायचा आणि फोटो काढून वर खोलीत पळायचं. सासूबाईंनी, म्हणजे त्रिशलाबाईंनी, पहिल्या महिन्यात एकदा काळजीने विचारलं होतं की अंगावर काही उठलंय का. पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि त्या हाताने कणकेला शिवू नकोस एवढंच सांगू लागल्या.

गोष्ट सन २०३७ मधली आहे. तोवर फोनच्या कॅमेऱ्यांनी रंगांची पार वाट लावली होती. फोटो काढला की तुम्ही तो बघायच्या आधीच फोन आभाळ निळं करायचा, दात घासून द्यायचा, डोळ्यांचं पांढरं धुऊन काढायचा आणि सगळ्यांच्या गालांवर एकच एक तकाकी चढवायचा. दहा लग्नांचे अल्बम शेजारी ठेवले तर नवरी कुठली कोणती हे तिच्या आईलाही सांगता येईना. शेवटी तरुण पोरं कंटाळली आणि काळे-पांढरे अल्बम मागू लागली. रंगच नको म्हणजे खोटा रंगही नको, असा त्यांचा साधा हिशेब. संज्योत लग्नाचे फोटो काढायची; सांगलीत त्या कामाला तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

काळं-पांढरं करणं म्हणजे एक बटण दाबून रंग पुसणं, असं ज्याला वाटतं त्याने तिच्या तोंडी लागू नये. ती त्याला खुर्चीत बसवून समजावत असे. रंगीत फोटो हा मुळात करड्या फोटोंचा गठ्ठा असतो. किती लाल उजेड आला त्याचा एक, हिरव्याचा एक, निळ्याचा एक. ते एकात एक मिसळून एकच करडा फोटो करायचा, आणि कुठला किती घ्यायचा हे आपल्या हातात असतं. लाल जास्त घेतला तर कातडी उजळते, मुरमं गायब होतात. निळा जास्त घेतला तर प्रत्येक वांग, प्रत्येक डाग वर येतो. चेहरा तोच, क्षणही तोच, पण नुसतं प्रमाण बदललं की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. जुन्या कॅमेऱ्यात असे तीनच थर असत. संज्योतच्या नव्या कॅमेऱ्यात सोळा होते, उजेडाच्या सोळा बारीक पट्ट्या. 'काजळ' नावाचं जे सॉफ्टवेअर ती वापरायची, त्यात सोळा सरकपट्ट्या होत्या आणि त्या शून्याच्या खालीही जात. म्हणजे एखादा थर मिसळता येई तसा वजाही करता येई.

तिची खरी अडचण हळदीच्या समारंभाची होती. हळद निळा उजेड खाते, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोत ती चिखलासारखी दिसते. आमच्या पोरीला शेतात लोळवून आणलंय का, असं एका नवरीच्या आईने तिला भर दुकानात विचारलं होतं. तो शब्द संज्योतला लागला होता. पण प्रत्येक वस्तूची उजेड खायची आपली एक खोड असते. हळद जांभळा-निळा उजेड अधाशासारखी खाते आणि हिरव्याकडे जाता जाता एकदम थांबते. ती नेमकी कुठे थांबते हे कळलं, तर सोळा पट्ट्यांचं असं एक प्रमाण सापडायला हवं, ज्यात हळद तेवढी नाहीशी होईल आणि खालचा चेहरा राहील. त्या प्रमाणाच्या शोधात सात महिने गेले होते.

आणि आज नणंदेच्या, स्वरालीच्या, हळदीच्या दिवशी ते सापडलं. सकाळी जयसिंगपूरहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद आली, बायकांनी आंब्याच्या पानांनी स्वरालीला नखशिखांत माखलं, संज्योतने चारशे फोटो काढले आणि जेवणाची गडबड सुरू झाल्याबरोबर ती वर सटकली. अकराव्या पट्टीला ती केसभर खाली आणत होती. पडद्यावर त्रिशलाबाई लेकीच्या गालांना हळद लावत होत्या. पट्टी सरकली आणि गालांवरची हळद विरत विरत गेली. खाली स्वरालीचा गाल, त्यावरची बारीक लव, लहानपणीच्या कांजिण्यांचा खड्डा, सगळं स्वच्छ समोर आलं.

संज्योत खुर्चीतून उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसली. तिने तेच प्रमाण एकामागून एक फोटोंना लावलं. मावशीच्या हातावरची हळद गेली, आत्याच्या नाकाच्या शेंड्यावरची गेली, पितळी वाटीतलीही गेली आणि वाटी रिकामी दिसू लागली. तिला कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटत होतं. तेवढ्यात स्वरालीचा अगदी जवळून घेतलेला एक फोटो आला आणि तिचा हात थांबला.

स्वरालीच्या डोळ्यांचं पांढरं करडं दिसत होतं.

प्रमाण चुकलं, हे तिच्या मनात पहिलं आलं. तिने ताडून पाहिलं. त्याच मांडवात, त्याच उजेडात बावीस बायका होत्या आणि बावीसजणींचे डोळे पांढरेशुभ्र होते. मग तिने चार महिन्यांपूर्वीच्या साखरपुड्याचे फोटो काढले. कॅमेरा तोच होता आणि त्यात स्वरालीचे डोळे पांढरे होते. डोळ्यात तर कुणी हळद घालत नाही. मग हळद वगळल्यावरही उरतं ते काय?

'काजळ'मध्ये कापडापासून कातडीपर्यंतच्या रंगद्रव्यांची एक यादी होती. कुठलं द्रव्य कुठला उजेड खातं याच्या रेघा त्यात काढलेल्या होत्या. एरवी साड्यांच्या रंगासाठी ती यादी ती उघडायची. आज तिने स्वरालीच्या डोळ्यातली रेघ त्या यादीशी लावून पाहिली. हळद जिथे थांबते तिथे ही रेघ थांबत नव्हती, हिरव्यात थोडी आणखी पुढे जात होती. यादीत तशी खोड एकाच द्रव्याची होती. बिलिरुबिन. यकृत बिघडलं की रक्तात साठतं ते. साध्या भाषेत कावीळ.

नुसत्या डोळ्यांनी हे कुणाला दिसणारच नव्हतं. पिवळी साडी, पिवळा मांडव, आठवडाभर उटणं, वर आज हळद, आणि फोनमधले फोटो बघावेत तर फोनने डोळे आधीच धुऊन ठेवलेले. मुलगी पिवळी दिसते असं कुणी म्हणालंच असेल तर ते कौतुकाने म्हणालं असेल. संज्योतला एकीकडे नाचावंसं वाटत होतं, कारण तिचं प्रमाण बरोबर निघालं होतं, आणि दुसरीकडे ती उरलेले तास मोजत होती. लग्नाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारी बारा पस्तीसचा होता.

ती खाली आली आणि आधी नवऱ्याला गाठलं. सम्मेद आचाऱ्याशी जिलेबीवरून वाद घालत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, टॅबवरचा फोटो पाहिला आणि हळू आवाजात एकच शब्द उच्चारला, बाम. दिवाळीत संज्योतला अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कपाळावर असाच एक काळा डाग फोटोत दिसला होता. तिने त्यांना धरून कोल्हापूरला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे कळलं की अण्णांनी डोकं दुखत होतं म्हणून बाम चोळला होता. तेव्हापासून ती घरात गंभीरपणे काही बोलू लागली की कुणीतरी बामाची आठवण काढायचंच. सम्मेद म्हणाला की लग्न होऊ दे, परवा बघू. मग इकडेतिकडे बघून त्याने खरं काय ते सांगितलं. हे खोटं निघालं तर वहिनीला नणंदेचं बघवलं नाही असंच सगळे म्हणतील, आणि आई तर जन्मभर म्हणेल.

त्याचं चुकत नव्हतं. संज्योतलाही तीच भीती होती. ती सरळ स्वरालीच्या खोलीत गेली.

स्वराली हळदीने माखलेली पलंगावर टेकून बसली होती आणि समोरचं ताट तसंच होतं. संज्योतने दार लावलं आणि फोटो तिच्यापुढे धरला. आधी हळद असलेला, मग हळद नसलेला. स्वरालीने टॅब हातात घेऊन स्वतःचे करडे डोळे पाहिले. मग तिने भडाभडा सांगायला सुरुवात केली. दहा दिवस अन्नाचा वास नको होतो. अंगाला खाज सुटते, ती उटण्याने असेल असं वाटलं. लघवी गडद पिवळी होते.

"अगं मग बोलली का नाहीस?"

"गोळ्या हळदीच्याच आहेत ना वहिनी. मला वाटलं, जास्तीची हळद बाहेर पडायलीय."

गोळ्या कुठल्या, हे संज्योतला तेव्हा कळलं. उशाखाली एक डबी होती, 'तेजवटी' नावाची. लग्नाआधी कांती यावी म्हणून त्रिशलाबाईंनी मागवली होती आणि दोन महिने त्या रोज रात्री दुधाबरोबर दोन गोळ्या स्वतःच्या हाताने देत होत्या. लग्न जवळ आलं तसं स्वरालीने आईच्या नकळत दोनाच्या चार केल्या होत्या. डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात हळदीचा अर्क पंचाण्णव टक्के आहे आणि तो अंगात वीसपट मुरावा म्हणून मिऱ्याचा अर्क घातला आहे. सांगलीत जन्मलेल्या माणसाला हळदीचं भय वाटत नाही. ज्या घरावर तीन पिढ्या हळदीची धूळ बसली, त्या घरात ही डबी कुणी उलटून वाचलीच नव्हती.

स्वरालीने तिचा हात धरला. उद्या बारा पस्तीस होऊ देत, मग तू म्हणशील तिथे येते, पण आत्ता आईला सांगू नकोस, असं ती परोपरीने विनवत राहिली. उद्या रात्री नवरा-नवरी विमानाने निघणार होते आणि डबी तिने बॅगेत भरायला काढली होती. संज्योतने आपला हात सोडवून घेतला. तिने डबी तेवढी उचलली आणि बाहेर आली.

खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावलं होती आणि तेवढाच वेळ तिने स्वतःला दिला. बोलले आणि चुकले, तर या घरात पुन्हा माझा शब्द कुणी ऐकणार नाही. नाही बोलले आणि बरोबर असले, तर स्वराली विमानात बसेल. चौदाव्या पावलावर तिचं ठरलं होतं.

त्रिशलाबाई स्वयंपाकघरामागच्या पडवीत रुखवताच्या परड्या लावत होत्या. संज्योतने कुठलेही आढेवेढे न घेता सांगितलं, फोटो दाखवला आणि डबीही पुढे ठेवली. डबी बघून त्रिशलाबाईंचा चेहरा ताठ झाला. हळद लागलेली पोर उंबरा ओलांडत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग अण्णांच्या कपाळाची आठवण दिली. मग म्हणाल्या, "पस्तीस वर्षं हळद बघायलोय आम्ही. मला हळद शिकवू नकोस."

"तेच म्हणतेय आई," संज्योत म्हणाली. "हळद तुम्हाला माझ्यापेक्षा कळते. माझा फोटो बाजूला ठेवा. तिच्या अंगावर आहे ती हळदच आहे का, ते तुम्हीच बघा."

त्रिशलाबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. हातातली परडी खाली ठेवली. मग त्या उठल्या, फळीवरचा पापडखाराचा डबा काढला आणि वाटीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर खार विरघळवला. त्या काय करतायत ते संज्योतच्या लक्षात आलं. हळदीला खार लागला की ती लाल होते. कुंकू होतं ते तसंच. अण्णांच्या गोदामात पोती आली की त्रिशलाबाई मूठभर पूड घेऊन त्यावर खाराचं पाणी टाकत. लाल झाली तर हळद, पिवळीच राहिली तर दुसरं काहीतरी मिसळलेलं. या एका वाटीवर त्यांनी भलेभले व्यापारी परत पाठवले होते.

दोघी स्वरालीच्या खोलीत आल्या आणि दार बंद झालं. त्रिशलाबाईंनी कापसाचा बोळा खाराच्या पाण्यात बुडवून लेकीच्या गालाला लावला. गालावर लगेच लालभडक डाग उठला. तो बघून स्वरालीला हायसं वाटलं. आता दंड वर कर, असं त्यांनी सांगितलं. काखेजवळ दंडाच्या आतल्या बाजूला कुणी हळद लावली नव्हती. तरीही त्यांनी ती जागा ओल्या फडक्याने तीनदा पुसली आणि मग खिडकीच्या उजेडात धरली. कातडी पिवळी होती. त्यांनी बोळा लावला आणि वाट बघितली. कातडी पिवळीच राहिली. त्यांनी दुसरा बोळा घेतला, खार वाढवला, पुन्हा लावला. पिवळीच.

त्रिशलाबाईंनी लेकीची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. मग वाटी खिडकीत ठेवली आणि दार उघडून हाक मारली, "सम्मेद, गाडी काढ."

मांडवात एकच कालवा झाला. हळद लागलेली नवरी कुठे निघाली म्हणून सम्मेदच्या आत्या दारात आडव्या आल्या. त्रिशलाबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. लेकीला दंडाला धरून त्यांनी स्वतः उंबरा ओलांडवला आणि गाडीत बसवलं.

मिरज सांगलीला लागूनच. इस्पितळात यकृताच्या डॉक्टर वहीदा मुजावर भेटल्या. पन्नाशीच्या, भरभर बोलणाऱ्या आणि त्याहून भरभर चालणाऱ्या. त्यांनी पहिलं काम केलं ते स्वरालीला हळद धुवायला पाठवण्याचं, कारण इतक्या पिवळ्यात मला काही दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. तासाभरात रक्ताचा निकाल आला. जे बिलिरुबिन एकाच्या आसपास असावं ते सोळा होतं. त्याहून वाईट म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ दुपटीवर गेला होता, याचा अर्थ यकृत आपलं काम सोडायच्या बेतात होतं. डॉक्टरांनी डबी वाचली आणि समजावून सांगितलं. भाजीत घालता ती हळद निर्दोष आहे, जन्मभर खा. पण मूठभर हळदीचा अर्क रोज पोटात घातला आणि तो वीसपट मुरवला, तर काही थोड्या लोकांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि स्वतःच्याच यकृतावर धावून जातं. कुणाचं तसं होईल हे आधी सांगता येत नाही.

"आणखी चार दिवस हेच चालू राहिलं असतं तर?" सम्मेदने विचारलं.

"तर आपण दुसऱ्याचं यकृत शोधत असतो. आता गोळ्या बंद झाल्यात, औषध सुरू केलंय. उद्या दुपारपर्यंत रक्त गोठायचा आकडा वर गेला तर पुण्याला हलवायचं. थांबला तर सुटलो."

त्रिशलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. गोळ्या मी दिल्या, एवढंच त्या म्हणाल्या. संज्योत शेजारी जाऊन उभी राहिली, पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचं तिचं धाडस झालं नाही.

डॉक्टर मुजावर मात्र परत आल्या त्या संज्योतला शोधत. हे कळलं कसं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. संज्योतने टॅबवर पट्टी खालीवर करून दाखवली. हळद आली, हळद गेली, डोळे करडे राहिले. डॉक्टरांनी तिच्या हातून टॅब घेऊन स्वतः तीनदा करून पाहिलं. मग त्या बाकावर बसल्याच. नवजात बाळांची कावीळ फोनवर ओळखायची युक्ती जुनीच आहे, त्या सांगू लागल्या, पण आपल्याकडे बाळाला हळद-बेसनाने चोळून न्हाऊ घालतात आणि सगळी यंत्रं तिथेच फसतात. तुम्ही हळद वगळलीत, हे इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी ते सोळा आकडे मागितले. संज्योतने केसपेपरच्या पाठीवर लगेच लिहून दिले आणि लिहिताना तिला हसू फुटत होतं, लाजही वाटत होती. आत नणंद सलाईनवर आणि बाहेर आपल्याला आनंद होतोय, हे तिला पटत नव्हतं, पण होत होता खरा.

संध्याकाळी जयसिंगपूरहून फोन आला. नवऱ्या मुलाच्या, अरिहंतच्या, आई त्रिशलाबाईंशी बोलत होत्या. आजारपण कुणाला चुकलंय, अशी त्यांनी समजुतीने सुरुवात केली. मग मुद्द्यावर आल्या. तुमच्या सुनेच्या मशीनमध्ये माणसाच्या आतलं दिसतं असं ऐकलं. तर मुलीचे सगळे फोटो एकदा त्यातून काढून आम्हाला पाठवा. आणखी काही निघत नाही ना ते बघू, आणि मग पुढच्या मुहूर्ताचं बोलू. त्यांच्या ओळखीतल्या वधूवर मंडळालाही हे मशीन हवंच आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं.

त्रिशलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मशीन संज्योतचं आहे. तिलाच विचारा," आणि फोन सुनेच्या हातात दिला.

सकाळपासून संज्योतला फक्त काय दिसतं याचाच नाद लागला होता. कुणी बघायचं, हा प्रश्न आत्ता तिच्यासमोर आला. चारशे फोटो होते, बावीस बायका होत्या, कुणाचं रक्त कमी होतं, कुणाच्या ओठांचा रंग ठीक नव्हता, हे तिने शोधलं असतं तर सापडलं असतं. फोनवर हो म्हटलं तर कदाचित लग्न उभं राहिलं असतं. उद्यापासून मात्र प्रत्येक मुलीचा फोटो पत्रिकेबरोबर असा सोलून मागितला गेला असता.

"मी नाही पाठवणार," ती म्हणाली. "ज्याचा चेहरा त्याने मागितलं तरच मी बघेन, आणि जे दिसेल ते त्यालाच सांगेन. स्वरालीला विचारा. ती बरी झाल्यावर."

पलीकडून फोन ठेवला गेला. लग्न मोडलं असं त्या क्षणी सगळ्यांनीच धरलं. सम्मेदने डोक्याला हात लावला. त्रिशलाबाईंनी फोन घेऊन पिशवीत टाकला आणि सुनेला विचारलं की सकाळपासून काही खाल्लंयस का. जैनांच्या घरात सूर्य मावळल्यावर खात नाहीत, पण मावळायला अवकाश होता, म्हणून त्यांनी सम्मेदला खाली पिटाळून दोघींसाठी इडली मागवली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रक्ताचा निकाल यायचा होता, तो साडेअकराला आला. आकडा वाढला नव्हता. किंचित उतरला होता. डॉक्टर मुजावरांनी कागद दोनदा वाचला आणि पुण्याची गाडी नको म्हणून सांगितलं. सम्मेदने बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

बारा वाजून गेल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि अरिहंत बाहेर आला. कानापासून मानेपर्यंत हळद तशीच होती. कपाळावर मुंडावळ्यांचा दोरा घासल्याची खूण होती. म्हणजे काल हळदीला बांधलेल्या मुंडावळ्या त्याने निघतानाच काढल्या असाव्यात. हळद लागलेला नवरा मुलगा घर सोडून, गाव सोडून एकटा आला होता. परिचारिकेने त्याला दारातच अडवलं आणि हळद धुवायला सांगितलं. त्याने एक मिनिट मागितलं आणि तो संज्योतसमोर बाकावर येऊन बसला.

"आई काय बोलली ते मला सकाळी कळलं," तो म्हणाला. "वहिनी, माझा फोटो काढा. पाहिजे तेवढ्या पट्ट्या लावा. आणि तो स्वरालीला दाखवा. तिचा मला बघायचा नाही."

संज्योतने पिशवीतून कॅमेरा काढला. खिडकीचा उजेड चांगला होता. एकच फोटो घेतला, हळद वगळली आणि पडद्यावर काय आलं ते न बघता टॅब स्वरालीच्या हातात नेऊन दिला. स्वरालीने उशीला टेकून तो जवळ धरला आणि बारकाईने, वरपासून खालपर्यंत पाहिला. दारातून अरिहंत तिच्याकडे बघत होता आणि मंगल कार्यालयात आत्ता अंतरपाट धरायची वेळ झाली असती.

"गडबडीत डाव्या बाजूची दाढी राहिलीय," ती शेवटी म्हणाली. "बाकी पास." मग ती रडायला लागली. अरिहंत तोंड धुवायला धावत गेला.

संज्योत बाहेर आली तेव्हा त्रिशलाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तिला शेजारी बसवलं. पदराने तोंड खसाखसा पुसलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि इकडेतिकडे कुणी नाही ना ते पाहिलं.

"आता माझा काढ," त्या म्हणाल्या. "गुडघ्यासाठी म्हणून मी पण घेत होते त्या गोळ्या. पोरीबरोबरच, दोन महिने. काय निघेल ते मला सांग. दुसऱ्या कुणाला नको."

संज्योतने त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. एका फोटोवर तिचा भरवसा बसेना, म्हणून तिने दोनदा घेतला. प्रमाण लावलं. पडद्यावर त्रिशलाबाईंचा चेहरा आला, एकेका सुरकुतीसकट, आणि मधोमध दोन डोळे.

"पांढरे आहेत, आई. शुभ्र."

त्रिशलाबाईंनी चष्मा लावला आणि सुनेकडे पाहिलं.

"मग तू कशाला रडायलीस?"